आमसुलातलं कडं

अंजनवेलला, वाशिष्ठीच्या मुखाशी, वैशाखात खळ्यात रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं वाळत पडतात. वाळली की पुन्हा गराच्या रसात बुडवायची, पुन्हा उन्हात घालायची. अशी पुटं बसत गेली की आमसूल काळंभोर होतं. आगळ, म्हणजे रातांब्याचा रस, आणि सोलकढी सगळ्यांच्या ओळखीची. मला गुंतवलं ते त्या आंबटाच्या कुळानं.

कोकमाचा केरळी भाऊबंद म्हणजे कुडमपुळी. तिच्या सालीत टार्टरिक आम्ल आहे, असं 1931 साली छापून आलं. पुढे सायट्रिकचं नाव घेतलं गेलं. अखेर 1965 मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी खरा धनी शोधला: हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. आपल्या कोकमाच्या सालीतही ते दहा-बारा टक्के भरतं.

एवढा उशीर का? हे आम्ल सायट्रिकसारखंच दिसतं, फक्त एक हायड्रॉक्सिल जास्त, म्हणून फसगत झाली, असं म्हणता येईल. पण मग टार्टरिक कुठून आलं? माझ्या मते खरा घोटाळा पाण्याचा आहे. पाण्यात या आम्लाची साखळी उघडी राहू शकते. पाणी आटवायला घेतलं की तिचं एक टोक वळून स्वतःच्याच हायड्रॉक्सिलला धरतं, पाण्याचा एक रेणू सुटतो आणि चार कार्बन व एक ऑक्सिजन यांचं कडं तयार होतं. तेच लॅक्टोन. उघडं आम्ल ओल शोषून चिकट राहतं, कडं मात्र स्फटिकात नीट रचलं जातं. म्हणजे आम्ल शुद्ध करायला जावं, तर हाती येतं ते त्याचं दुसरंच रूप! 1971 मध्ये जेनी ग्लस्कर आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी रचना ठरवली, तीही या लॅक्टोनच्या कॅल्शियम क्षाराची.

द्रावक बदला, सालीतून वेगळंच कुळ बाहेर येतं. पाण्याऐवजी हेक्झेन घेतलं की आंबट मागे राहतं आणि गार्सिनॉल उतरतं. त्यातही कडी आहेत, पण कार्बनची, एकमेकांत गुंतलेली, आणि स्फटिक पिवळे. त्याची रचना 1981 मध्ये कृष्णमूर्ती, लुईस आणि रवींद्रनाथ यांनी मांडली.

आता माझा तर्क. पुटं देणं म्हणजे तेच पाणी घालणं-आटवणं, चार-पाच वेळा. दर उन्हात काही साखळ्या कड्यात वळत असणार, आणि पुढच्या रसात सगळ्या उलगडत नसणार. आगळ मात्र ओलंच राहतं. एकाच झाडाचं आमसूल आणि आगळ शेजारी ठेवून मोजलं, तर आमसुलात कडी जास्त निघतील, यावर मी ठाम आहे.