भाडं गोठलं, भिंती नाही

आमच्या किल्लारीत ‘घर पडलं’ म्हटलं की एकच तारीख, ३० सप्टेंबर १९९३. माझा जन्म त्यानंतरचा, तरी ती पाठ आहे. तिथे भूकंप झाला होता. मुंबईत मात्र जमीन न हलताही पावसाळ्यात जुन्या इमारती पडतात. त्यामागे पाऊस आहे, वय आहे आणि एक कायदाही आहे. आजचा भाग त्या कायद्यावर.

मुंबईत भाड्यावर सरकारी लगाम पहिल्यांदा १९१८ मध्ये आला. महायुद्धामुळे घरं कमी आणि भाडी भडकलेली. पण पुढे अनेक दशकं पुरलेला कायदा १९४७चा. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, फाळणीचे निर्वासित येत होते. सरकारने ठरवलं, १ सप्टेंबर १९४० ला खोलीचं जे भाडं होतं तेच ‘प्रमाण भाडं’. मालकाने मनाला येईल तसं वाढवायचं नाही, भाडेकरूला उगाच काढायचं नाही. मला विचाराल तर त्या वेळी हे बरोबरच होतं. नाहीतर गिरणी कामगार गिरगाव-परळमध्ये टिकलाच नसता.

गडबड पुढे झाली. कायदा तात्पुरता होता, पण त्याला मुदतवाढ मिळतच गेली. सिमेंट महागलं, गवंड्याची मजुरी वाढली, भाडं १९४० मध्येच. म्हणजे कोडमध्ये कुणीतरी किंमत हार्डकोड केली आणि पन्नास वर्षं त्या ओळीला कुणी हात लावला नाही! मालकाने दुरुस्ती सोडून दिली. १९६९ मध्ये सरकारला उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. तेव्हा त्याच्याकडे १९,६४२ इमारती होत्या.

खोलीची खरी किंमत मग मागच्या दाराने आली. तिचं नाव पागडी. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख मोठी रक्कम घ्यायचा, त्यात मालकाचा वाटा. कायद्याने गुन्हा, पण सगळ्यांना माहीत. म्हणजे स्वस्त खोली आत असलेल्यासाठी स्वस्त. लातूर-नांदेडहून नव्याने आलेल्याला ती मिळणार कशी?

१९७३ मध्ये आणखी एक वळण. १ फेब्रुवारीला जे लोक ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहत होते, त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. त्यांचं भलं झालं, पण घरमालकांनी धसका घेतला. आज तुम्ही अकरा महिन्यांच्या करारावर सही करता ना, त्यामागे हा जुना धसकाही आहे.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मालपे विश्वनाथ आचार्य’ खटल्यात सांगितलं, की भाडं असं गोठवून ठेवणं आता मनमानी ठरतं. मग १९९९चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. पागडी कायदेशीर झाली, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. आता हिशोब करा. २००० मध्ये ५० रुपये भाडं असेल, तर पंचवीस वर्षांनी साधारण १३३ रुपये. एवढ्यात गच्चीची गळतीही थांबत नाही.

मग कायदाच काढून टाका, असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. त्या खोलीत पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसंही आहेत, बाजारभावाचं भाडं त्यांनी कुठून आणायचं? गरिबाला स्वस्त घर देणं ही जबाबदारी सरकारची. ती मालकाच्या खिशात टाकली, मालकाने ती भिंतींवर ढकलली. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली. ती आधीच धोकादायक ठरली होती, बरेच रहिवासी निघूनही गेले होते. तरी ३३ माणसं गेली.