नर्सबाई, आरोग्य सेविका, सीएचओ मॅडम : बदलत्या नावांमागचा इतिहास

आपल्या मंठा तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात गेलात, तर एकाच कामाची तीन-चार नावे ऐकू येतील. म्हातारी आजी विचारते, "नर्सबाई आल्या का?" तिची सून म्हणते "सिस्टर". कागदोपत्री पद असते "आरोग्य सेविका". अलीकडे तिथे आणखी एक व्यक्ती बसते. तिच्या पदाचे नाव "समुदाय आरोग्य अधिकारी" आणि गाव तिला म्हणते "सीएचओ मॅडम".

माझ्याकडे येणारे बरेच रुग्ण विचारतात, "डॉक्टर, उपकेंद्रातल्या मॅडमनी बीपीच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या तर चालतील ना? त्या काही डॉक्टर नाहीत." प्रश्न रास्त आहे. त्याचे नीट उत्तर द्यायचे, तर ही नावे कुठून आली आणि प्रत्येक नावाबरोबर काम किती वाढत गेले, हे समजून घ्यावे लागेल.

सुरुवात : "चांगल्या घरातली बाई हे काम करणार नाही"

आपल्याकडे बाळंतपण सुईण करायची आणि आजाऱ्याची सेवा घरातली बाई करायची. परक्या माणसाची जखम धुणे, भांडे उचलणे ही कामे शिवाशिवीच्या समाजात हलकी मानली जात. त्यामुळे शिकून नर्स व्हायचे, ही कल्पनाच लोकांना पटत नव्हती.

मुंबईत १८८६ मध्ये स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झाले. तिथल्या प्रमुख डॉक्टर एडिथ पेची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाकडे लक्ष दिले. १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत येते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेच्या मिशन रुग्णालयातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नर्सिंगचे शिक्षण सुरू केले.

मराठी मध्यमवर्गाची नजर बदलण्यात मोठा वाटा रमाबाई रानडे यांचा. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनने मुलींना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेता येईल अशी सोय केली. घरात कोपऱ्यात बसवलेल्या बाईला मान आणि पगार दोन्ही देणारे हे काम आहे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यासाठी टीकाही सोसली.

१९३५ मध्ये मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा झाला. शिकलेली कोण आणि न शिकलेली कोण, हे त्यामुळे कागदावर वेगळे झाले. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

४३ हजार माणसांमागे एक नर्स

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यातला एक आकडा असा : साधारण ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, पण नर्स होती सुमारे ४३ हजार लोकांमागे एक. म्हणजे डॉक्टरांपेक्षा नर्सचा दुष्काळ कितीतरी मोठा होता. समितीने उद्दिष्ट ठेवले ५०० लोकांमागे एक नर्स.

हे आकडे ब्रिटिश हिंदुस्थानचे. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मंठा, परतूर, जालना या हिशेबात नव्हतेच.

१९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. पण तीन-साडेतीन वर्षे शिकलेल्या नर्स शहरातल्या रुग्णालयांनाच पुरत नव्हत्या. मग खेड्यांसाठी १९५१ पासून दोन वर्षांचा एक छोटा अभ्यासक्रम आला, एएनएम. याचा अर्थ सहायक परिचारिका आणि प्रसाविका. सातवीपर्यंत शिकलेल्या मुलीलाही त्याला प्रवेश मिळे. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली, प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली आणि या मुली खेडोपाडी पोहोचल्या. आपल्या आजीची "नर्सबाई" ती हीच. तिचे मुख्य काम बाळंतपण आणि आई-लेकरांची काळजी.

काम वाढले, शिक्षण घटले

१९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने सुचवले की मलेरिया, देवी, कुटुंब नियोजन अशा प्रत्येक कामासाठी वेगळा माणूस नको. एकाच कर्मचाऱ्याने सगळे पाहावे. एएनएम झाली "बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी". मराठीत आरोग्य सेविका. तिच्यावर देखरेख करणारी आरोग्य सहायिका हे बढतीचे पद ठरले.

कल्पना चांगली होती. पण १९७७ मध्ये तिचा अभ्यासक्रम २४ महिन्यांवरून १८ महिन्यांवर आला. काम दुप्पट झाले आणि शिक्षण सहा महिन्यांनी कमी झाले. बाळंतपणाच्या प्रत्यक्ष सरावालाच त्यात कात्री लागली.

भरीला कुटुंब नियोजनाची उद्दिष्टे होती. किती शस्त्रक्रिया करून आणल्या, यावर तिचे मोजमाप होऊ लागले. ही उद्दिष्टे १९९६ मध्ये अधिकृतपणे काढली गेली, पण तोवर बरेच नुकसान झाले होते. "नर्सबाई आल्या म्हणजे ऑपरेशनला नेणार" ही भीती गावात बसली. सुईणपणातला तिचा हात हळूहळू सुटत गेला. नोंदवह्या मात्र वाढत गेल्या.

बढतीचे म्हणाल, तर आरोग्य सहायिकेची पदे मोजकी. ज्या पदावर नोकरीला लागली त्याच पदावर निवृत्त झाली, अशी आरोग्य सेविका तुमच्याही ओळखीची असेल.

जामखेडने काय शिकवले

याच काळात आपल्यापासून फार दूर नसलेल्या जामखेडला वेगळे घडत होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी भाग, वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण हजारी १७६. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना गावांत ठेवून पाहिले. ते जमले नाही. एकट्या तरुण परक्या मुलीला गावात राहणे अवघड आणि गावालाही ती आपली वाटेना.

मग त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. यात परिचारिका मागे पडल्या नाहीत. त्यांचे काम बदलले. त्या फिरत्या पथकात गावोगाव जाऊ लागल्या, या बायकांना शिकवू लागल्या, अवघड रुग्ण तपासू लागल्या, कोणाला रुग्णालयात न्यायचे ते ठरवू लागल्या. १९९० च्या दशकात बालमृत्यूचे प्रमाण हजारी तिसाच्या खाली आले होते. पाणी, शेती, स्त्रियांचे बचत गट यांचाही त्यात मोठा हात आहे. तरी एक धडा स्पष्ट दिसतो. नर्सला शिकवण्याची आणि निर्णय घेण्याची जबाबदारी दिली आणि तिच्या पाठीशी डॉक्टर उभा राहिला, की तेच मनुष्यबळ कितीतरी पटीने कामाला येते.

खासगी दवाखान्यात नर्स का नाही?

इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात शिकलेली नर्स असतेच. ती मधुमेह, दमा, बीपीचे रुग्ण स्वतः तपासते, आणि विशेष शिक्षण घेतलेली नर्स औषधेही लिहून देते. हे आपोआप झाले नाही. १९६६ च्या करारानुसार सरकार डॉक्टरला कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा परत देऊ लागले, म्हणून डॉक्टरांनी नर्स नेमल्या. १९९० च्या नव्या करारानंतर ही संख्या आणखी वाढली. अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी "नर्स प्रॅक्टिशनर"चे शिक्षण सुरू केले, तेही डॉक्टर कमी पडत होते म्हणून.

आपल्याकडे फॅमिली डॉक्टरच्या जोडीला नर्स नव्हती, कंपाउंडर होता. तो बाटलीत मिक्स्चर भरायचा, पुड्या बांधायचा, नंबर लावायचा. मिक्स्चर गेले, तयार गोळ्या आल्या, कंपाउंडरही गेला. त्याच्या जागी जी मुलगी उभी राहिली तिला आपण "सिस्टर" म्हणू लागलो. पण अनेक छोट्या दवाखान्यांत तिने नर्सिंगचा कोणताही अभ्यासक्रम केलेला नसतो. शिकलेली नर्स ठेवायची, तर तिचा पगार शेवटी रुग्णाच्या फीमधूनच द्यावा लागतो. तो खर्च उचलणारी कोणतीही व्यवस्था आपल्याकडे उभी राहिली नाही. शिकलेल्या मुली मग मोठ्या शहरात किंवा परदेशात जातात.

सीएचओ : नवी पायरी

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि आरोग्य सेविकेच्या जोडीला आशाताई आल्या. कोविडच्या लसीकरणात २१ ऑक्टोबर २०२१ ला देशाने १०० कोटी डोसांचा टप्पा ओलांडला. ते डोस टोचणारे हात बहुतांशी या परिचारिकांचे आणि आरोग्य सेविकांचेच होते.

२०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रात रूपांतर सुरू झाले. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेली व्यक्ती सहा महिन्यांचे खास प्रशिक्षण घेऊन या पदावर येते. तिशीनंतरच्या सर्वांचा बीपी आणि साखर तपासणे, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी, साध्या आजारांवर ठरवून दिलेली औषधे, डॉक्टरने सुरू केलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या दर महिन्याला देणे आणि गरज पडली तर ई-संजीवनीवरून डॉक्टरशी बोलणे, ही त्यांची कामे.

हे सुरक्षित आहे का? २०१८ मध्ये कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात १८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. प्राथमिक उपचारांत प्रशिक्षित नर्सने डॉक्टरच्या जागी काम केले, तेव्हा रुग्णांची प्रकृती डॉक्टरइतकीच, काही बाबतींत किंचित चांगली राहिली. रुग्ण थोडे जास्त समाधानी होते, कारण नर्स त्यांना जास्त वेळ देत होती. बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या आहेत, हे ध्यानात ठेवू. आणि "प्रशिक्षित" हा शब्द विसरू नका.

मात्र जुनी गोष्ट इथेही पुन्हा घडताना दिसते. जबाबदारी आधी आली, स्थैर्य मागे राहिले. सीएचओ बहुतेक कंत्राटी असतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आहे, २०२३ मध्ये जुना १९४७ चा कायदा बदलून राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदाही झाला. पण गावात काम करणाऱ्या आरोग्य सेविकेला पाचव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षी पुढची पायरी कोणती, हे अजून तिला स्पष्ट दिसत नाही. बढतीची आशा नसलेले माणूस शिकणे थांबवते, आणि त्याची किंमत तुम्ही-आम्ही रुग्ण म्हणून मोजतो.

तुम्ही काय करावे?

१. तुमचा बीपी किंवा मधुमेह डॉक्टरने एकदा नीट तपासून औषध ठरवले असेल, तर दर महिन्याची तपासणी आणि गोळ्या उपकेंद्रात बिनधास्त घ्या. जालन्याला जायचे म्हणून दिवस मोडण्याची आणि भाड्याअभावी गोळ्या बंद ठेवण्याची गरज नाही. गोळ्यांत पडलेला खंड हेच पक्षाघाताचे मोठे कारण आहे.

२. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे, हाता-पायातली ताकद जाणे, गरोदरपणात रक्तस्राव किंवा झटके अशा वेळी उपकेंद्रात वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

३. खासगी दवाखान्यात कोणी इंजेक्शन किंवा सलाईन लावत असेल, तर "तुमचे नर्सिंग झाले आहे का, नोंदणी आहे का?" हे विचारायला संकोच करू नका. शिकलेल्या परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. तिला या प्रश्नाचा राग येणार नाही.

४. ग्रामसभेत उपकेंद्राचा विषय निघाला, तर "डॉक्टर कधी येणार?" याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. बीपीचे यंत्र चालू आहे का? गोळ्या आहेत का? सिस्टरची जागा भरलेली आहे का?