नवा संगणक वारंवार रीस्टार्ट होतो तेव्हा

सुटे भाग निवडून जोडून घेतलेला, म्हणजे बाजारात ज्याला ‘असेम्बल्ड’ म्हणतात तो संगणक पहिल्याच आठवड्यात आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला, तर ग्राहकाची स्थिती अवघड होते. तयार संगणकामागे एकच कंपनी उभी असते. असेम्बल्ड संगणकात मात्र मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस या प्रत्येकाची वॉरंटी वेगळी आणि तिची मुदतही वेगळी. अंदाजाने एकेक भाग बदलत गेल्यास पैसा जातो आणि दुकानदाराकडून वस्तू बदलून मिळण्याचे दिवसही निघून जातात. म्हणून दोष नेमक्या कोणत्या भागात आहे हे पुराव्यानिशी ठरवणे, हेच पहिले काम होय. त्यासाठी सर्वांत उपयुक्त प्रश्न एकच : संगणक रीस्टार्ट होतो तो नेमका केव्हा?

पडद्यावर काही दिसण्यापूर्वीच

डीडीआर ५ रॅम असलेला नवा संगणक प्रथम सुरू केल्यावर मदरबोर्ड रॅमची जुळवाजुळव करतो. या वेळी पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो आणि संगणक एकदोनदा स्वतःहून रीस्टार्टही होऊ शकतो. हा दोष नव्हे. त्या काळात घाईने वीज बंद करू नये. मात्र हे चक्र थांबतच नसेल, तर प्लग काढून जोडणी तपासावी. मदरबोर्डची २४ पिनांची मुख्य केबल आणि प्रोसेसरसाठीची ८ पिनांची केबल खटका लागेपर्यंत बसली आहे का, हे पाहावे. ग्राफिक्स कार्डाची केबल चुकून प्रोसेसरच्या जागी लावू नये. दोन्हींची रचना वेगळी असते.

कॅबिनेटमधील पितळी स्टँडऑफ मदरबोर्डच्या छिद्रांखालीच असावेत. एखादा जास्तीचा स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकला तर शॉर्टसर्किट होते. कॅबिनेटचे रीस्टार्ट बटण अडकलेले असले तरी हेच लक्षण दिसते; त्याची बारीक वायर मदरबोर्डवरून काढून पाहिल्यास शंका फिटते.

तरीही उलगडा झाला नाही, तर मदरबोर्ड बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच पट्टी व एसएमपीएस एवढ्यावरच चालवून पाहावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नसेल तर ग्राफिक्स कार्डही लावावे लागते. बोर्ड असा बाहेर सुरळीत चालला, तर दोष कॅबिनेटमधील बसवणुकीत किंवा वगळलेल्या भागांत आहे.

काम वाढल्यावर

साधे टंकलेखन करताना संगणक स्थिर राहतो, पण खेळ किंवा व्हिडिओ संपादन सुरू करताच रीस्टार्ट होतो, अशा वेळी संशयाची सुई प्रथम एसएमपीएसकडे वळते. त्याच्याकडून मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असा सतत संकेत मिळत असतो. तो क्षणभर तुटला की मदरबोर्ड रीस्टार्ट होतो. १२ व्होल्टच्या तारेत साधारणतः ५ टक्के चढउतार ग्राह्य धरला जातो, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. ग्राफिक्स कार्ड क्षणार्धात नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वीज ओढते आणि हलक्या प्रतीचा एसएमपीएस तिथेच अपुरा पडतो. कार्डाला दोन जोडण्या असतील तर दोन स्वतंत्र केबल वापराव्यात. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक वीज साठलेली असते.

उष्णतेचे लक्षण थोडे निराळे. प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो. तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या कमाल मर्यादेबाहेर गेल्यास संगणक बहुधा बंदच पडतो. कूलरच्या तळावरील पारदर्शक फिल्म काढायची राहून जाणे, ही नव्या जोडणीत वरचेवर आढळणारी चूक आहे.

विंडोज सुरू झाल्यावर

गंभीर बिघाड झाल्यास विंडोज आपोआप रीस्टार्ट होते, त्यामुळे पडद्यावरील त्रुटीचा संदेश वाचण्याआधीच नाहीसा होतो. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधील ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ हा पर्याय बंद केल्यास संदेश पडद्यावर थांबतो. त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसून अनेकजण घाबरतात. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल आणि कोणताही संदेशही उमटला नसेल, तर वीज किंवा हार्डवेअरकडे पाहावे. शून्याव्यतिरिक्त आकडा असेल तर ड्रायव्हर किंवा रॅमची शक्यता वाढते.

रॅमच्या पाकिटावर छापलेला वेग एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सुविधा चालू केल्यावरच मिळतो आणि तो प्रत्येक प्रोसेसरला झेपेलच असे नाही. बायोसमध्ये ही सुविधा बंद करताच संगणक स्थिर झाला, तर कारण सापडले. त्यानंतर ‘मेमटेस्ट८६’ने प्रत्येक पट्टी वेगवेगळी तपासावी. मूळ वेगावर तपासतानाही एखादी चूक निघाली, तरी पट्टी बदलून घ्यावी.

इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे. यांतील ६५ वॅट व त्याहून अधिक क्षमतेच्या प्रोसेसरांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्तीमुळे पुढील हानी टळते. आधी झालेली भरून निघत नाही. तेव्हा असा प्रोसेसर घेतला असल्यास नवे बायोस आधी घालावे. ते घालत असताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात गोव्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करावे.

घरातील वीज

संगणक दुसऱ्या खोलीतील सॉकेटवर नीट चालत असेल, तर दोष घराच्या वायरिंगमध्ये शोधावा. सैल एक्स्टेन्शन बोर्ड आधी बाजूला करावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजून वापर थांबवावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. वीज जाताच यूपीएस असूनही संगणक रीस्टार्ट होत असेल, तर यूपीएसची क्षमता अपुरी असू शकते. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर देतात ती वीज काही आधुनिक एसएमपीएसना मानवत नाही.

नोंद ठेवा

एका वेळी एकच बदल करावा आणि तारीख, केलेला बदल व परिणाम वहीत लिहावा. संगणक अचानक बंद पडल्याने फायली खराब होतात, म्हणून तो स्थिर होईपर्यंत महत्त्वाचे काम त्यावर साठवू नये. संशयित भाग परिचिताच्या चालू संगणकात लावून पाहिला आणि तिथेही तोच त्रास झाला, तर दोष पक्का झाला. ती नोंदवही, पडद्याचे छायाचित्र आणि जीएसटीचे बिल घेऊन गेलेल्या ग्राहकाला ‘विंडोज पुन्हा टाकून बघा’ एवढ्यावर परत पाठवणे दुकानदाराला कठीण जाते.