आकाशवाणीचे मौन

संगीताच्या अभिरुचीचा प्रश्न दर पिढीत नव्याने निघतो, आणि तो आपल्याच काळात प्रथम निघाला असे दर पिढीस वाटते. परवा दिवाळीत आमची नात कानांत यंत्राची बोंडे घालून काही ऐकत बसली होती. कुतूहल म्हणून त्यांतील एक बोंड आम्ही मागून घेतले व कानास लावले. ‘हे संगीत नव्हे, हा गोंगाट आहे,’ असे उद्गार आमच्या तोंडून गेले. आणि जाताक्षणीच आम्ही चपापलो. कारण नेमके हेच शब्द सत्तर वर्षांपूर्वी इंदूरच्या याच घरात आमच्या वडिलांनी आम्हांस उद्देशून काढले होते. फरक एवढाच, की त्या वेळी वडील एकटे नव्हते. त्यांच्या बाजूस भारत सरकार होते.

१९५२ साली, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, माहिती व नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले आणि १९६२ पर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. आमच्या वाचकांस केसकरांविषयी थोडी जवळीक वाटावयास हरकत नाही. जन्म पुण्याचा, शिक्षण काशी विद्यापीठात, पुढे पॅरिसच्या विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि लोकसभेवर निवडून आले ते उत्तर प्रदेशातून. म्हणजे आपल्यासारखाच हा घराबाहेर वाढलेला मराठी माणूस. संगीताचा त्यांस नुसता शौक नव्हता. काशीस असताना त्यांनी ध्रुपदाची तालीमही घेतली होती. उत्तर हिंदुस्थानात शास्त्रीय संगीताची जाण लोपत चालली आहे, आणि ती वाचविणे हे स्वतंत्र देशाच्या शासनाचे कर्तव्य आहे, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

घराबाहेरच्या मराठी माणसास संगीत राखण्याची ही खोड जुनीच. विष्णु दिगंबरांनी गांधर्व महाविद्यालय काढले ते १९०१ साली लाहोरास. भातखंड्यांच्या प्रेरणेने १९१८ साली ग्वाल्हेरास माधव संगीत विद्यालय आणि १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज उभे राहिले. त्या लखनौच्या संस्थेचा भार पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी वर्षानुवर्षे वाहिला. केसकर या परंपरेतलेच म्हणावयाचे. परंतु या मंडळींच्या हाती शाळा होती आणि केसकरांच्या हाती ध्वनिक्षेपक होता, हा भेद लहान नाही. शाळा रुचली नाही तर विद्यार्थी उठून दुसरीकडे जातो. देशात नभोवाणी मात्र एकच. तेव्हा श्रोता उठून जाणार कोठे, असे दिल्लीस वाटले असावे.

चित्रपटगीतांस वाहून दिलेला वेळ तोडून तो एकूण कार्यक्रमांच्या दहावा हिस्सा करावयाचा, गीते निवडून व पारखून घ्यावयाची, आणि गीत ऐकविताना चित्रपटाचे नाव सांगावयाचे नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते, असे नवे धोरण ठरले. चित्रपटाचे नाव गाळणे निर्मात्यांच्या जिव्हारी लागले. गीते वाजविण्याची जी अनुमती त्यांनी आकाशवाणीस दिली होती ती त्यांनी काढून घेतली, आणि काही महिन्यांतच जो दहावा हिस्सा उरला होता तोही जवळजवळ नाहीसा झाला. आकाशवाणीवर ‘बंदी’ घातली गेली असे आपण सर्रास म्हणतो. वस्तुतः ती दोन हट्टांमधली कोंडी होती. एक हट्ट शासनाचा आणि एक धंद्याचा. हार्मोनियमवरील बंदीचे पापही पुष्कळदा केसकरांच्या माथी मारले जाते. ती बंदी १९४० सालची, इंग्रजी अमदानीतली. केसकरांनी ती उठविली नाही, एवढेच.

ही कोंडी फुटली ती समुद्रापलीकडून. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये एक बलाढ्य लघुलहरी ध्वनिक्षेपक उभारण्यात आला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोन सरकारच्या हाती आला. लघुलहरी वातावरणाच्या अगदी वरच्या थरावर आदळून दूरवर परत उतरतात; त्यामुळे कोलंबोस लावलेली तबकडी पाटण्यास, अमृतसरास आणि आमच्या माळव्यातही ऐकू येई. तिचा आवाज मात्र एकसारखा नसे. गाणे मध्येच लांब जाई, घोगरे होई, पुन्हा जवळ येई. आमच्या पिढीच्या कानांत ती गाणी अजूनही त्या भरती-ओहोटीसकटच वाजतात, आणि आज तीच गाणी स्वच्छ केलेल्या मुद्रणात ऐकताना काहीतरी उणे वाटते, हे आमचे वेड आम्ही लपवीत नाही.

रेडिओ सिलोनचा व्यापारी विभाग जाहिरातींवर चाले. हिंदी कार्यक्रम बरेचसे मुंबईस मुद्रित होत, त्यांच्या फिती विमानाने कोलंबोस जात, आणि तेथून ते मुंबईकराच्याच घरी परत येत. मुंबईत तयार झालेले गीत मुंबईच्या श्रोत्यापर्यंत पोचण्यास परदेशाची वारी करून येई, आणि जाहिरातीचा पैसा त्या वारीत कोलंबोस राही. त्या दिवसांत एक विनोद सांगत, की दर दहा घरांपैकी नऊ घरी सिलोन लागलेले असते, आणि दहाव्या घरचा रेडिओ बिघडलेला असतो.

आमच्या घरचा रेडिओ बिघडलेला नव्हता, पण वडिलांच्या ताब्यात होता. फळीवर, विणलेल्या रुमालाखाली, देव्हाऱ्याच्या खालोखाल त्याचा मान. बातम्या आणि शनिवारी रात्रीची संगीतसभा एवढ्यापुरता तो उघडे. त्यामुळे बुधवारी रात्री आठ वाजता आम्ही काही ना काही निमित्त काढून कोपऱ्यावरच्या पानाच्या दुकानाशी जात असू. तेथे जी गर्दी जमे तीत शाळकरी पोरे असत, गिरणीतून सुटलेले मजूर असत, आणि एकदा आमचे संस्कृतचे मास्तरही आम्हांस दिसले होते. त्यांनी आम्हांस पाहिले नाही, किंवा पाहिल्याचे दाखविले नाही.

बुधवारचा तो कार्यक्रम म्हणजे ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’. ती सादर करणाऱ्या अमीन सायानींस त्या दिवशी विसावे वर्षही पुरे झाले नव्हते. आरंभी तो अर्ध्या तासाचा, सात गीतांचा एक साधा खेळ होता. गीतांचा कालानुक्रम ओळखून कळविणाऱ्यास शंभर रुपयांचे बक्षीस. पन्नासेक पत्रे येतील अशी अपेक्षा होती आणि पहिल्याच खेपेस नऊ हजार आली, असे सायानी पुढे सांगत. लवकरच कार्यक्रमाचे रूप पालटले. तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांचा कौल यांवरून आठवड्याच्या गीतांस ‘पायदाने’ मिळू लागली, म्हणजे आपल्या भाषेत पायऱ्या. आणि कोणते गीत किती पायऱ्या चढले अथवा घसरले यावर बाजारात पैजा लागू लागल्या.

सायानींच्या भाषेविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. त्यांच्या मातोश्री कुलसुम सायानी प्रौढ साक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे एक पाक्षिक चालवीत. गांधीजींच्या सल्ल्यास अनुसरून त्याची भाषा सोपी हिंदुस्थानी असे, आणि ते देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. अमीन या पाक्षिकाच्या कामात वाढले. त्याच वर्षांत आकाशवाणीची हिंदी संस्कृतप्रचुर होत चालली होती. ती ऐकताना आम्हां मराठी मुलांस अर्थ कळे, कारण तत्सम शब्द आपल्या ओळखीचे, पण त्या भाषेत शेजाऱ्याशी भांडता येत नसे. शेजाऱ्याशी भांडण्याची आणि स्नेह जोडण्याची हिंदी आम्ही सायानींकडून शिकलो. ते ‘बहनों और भाइयों’ म्हणत, बहिणी आधी. आमच्या आईने हा क्रम प्रथम हेरला होता.

आणि पत्रे! अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तिलैयासारखे आडगाव साऱ्या देशास ठाऊक झाले ते तेथून येणाऱ्या फर्माइशींच्या पत्रांमुळे. आज नातीच्या यंत्रात प्रत्येक गीताखाली ते किती कोटी वेळा वाजले याचा आकडा दिसतो. तो आकडा आपोआप वाढतो. ऐकणाऱ्यास काही करावे लागत नाही, आणि अर्धे ऐकून कंटाळलेलाही त्यात मोजला जातो. पोस्टकार्डाचे तसे नव्हते. कार्ड विकत आणावयाचे, काय आवडले ते ठरवावयाचे, घरच्या सगळ्यांची नावे दाटीने लिहावयाची आणि पेटीत टाकावयाचे. ज्या देशात पहिले मतदान नुकतेच झाले होते तेथे लोक दर आठवड्यास आणखी एक मत देऊ लागले, आणि तेही असल्या विषयावर की ज्यात त्यांचे मत पूर्वी कोणी विचारलेच नव्हते. या साऱ्या प्रकरणात आम्हांस खरे नवे वाटते ते हे. गीते तितकी नवी नव्हती.

नवी नव्हती असे का म्हणतो, ते सांगतो. केसकरांचा रोख पाश्चात्त्य चालींच्या उसनवारीवर होता, आणि ‘अलबेला’ (१९५१) ऐकलेल्या माणसास तो अगदीच निराधार वाटणार नाही. पण धोरण ठरले त्याच वर्षी, १९५२ साली, ‘बैजू बावरा’ पडद्यावर आला. संगीत नौशादांचे. तानसेन आणि बैजू यांच्या जुगलबंदीसाठी त्यांनी दोन गवई आणले: आमच्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ, आणि दत्तात्रेय विष्णु पलुसकर. हे पलुसकर म्हणजे लाहोरास विद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. बापाने जे संगीत घरोघर नेण्यासाठी आयुष्य वेचले ते मुलाच्या गळ्यातून पानाच्या दुकानापर्यंत पोचले, आणि पोचले ते दिल्लीच्या मार्गाने नव्हे. पुढल्या वर्षी गीतमालेच्या वार्षिक यादीत शिरोभागी बसले ते ‘अनारकली’तले गीत. गाणाऱ्या लताबाई, जन्म इंदूरचा, चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे ज्या ‘अलबेला’चे नाव आम्ही आताच घेतले त्याच संगीतकाराची. एकच माणूस बोंगोही वाजवीत होता आणि हेही करीत होता. त्यास दहाव्या हिश्शात कसा बसवावयाचा?

केसकरांच्या विचारात याहून गंभीर असा एक दोष होता. संगीताच्या ऱ्हासाचे खापर त्यांनी इंग्रजांच्या अनास्थेप्रमाणेच मुसलमान उस्तादांवरही फोडले, आणि १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संगीतविषयक पुस्तकातही तो सूर आहे. ज्या देशात खयाल वाचला तो अशाच घराण्यांच्या ओट्यावर, तेथे हे म्हणणे आम्हांस केवळ चुकीचे नव्हे तर कृतघ्नपणाचे वाटते. अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून आम्हांस दुसरे काही वाटणे शक्य नाही.

तरीही केसकरांस खलनायक करून मोकळे होणे आम्हांस जमत नाही. अखिल भारतीय संगीतसभा जुलै १९५२ मध्ये सुरू झाली ती त्यांच्याच कारकीर्दीत. वडिलांबरोबर शनिवारी रात्री अर्धवट पेंगत आम्ही जे ऐकले, त्यामुळेच पुढे आम्हांस मारवा आणि पूरिया यांतला भेद कळू लागला. तिकीट काढून असले गाणे ऐकण्याची आमची ऐपत नव्हती. गवयांची परीक्षा घेण्याची जी पद्धत त्यांनी घातली, जिची धुरा रातंजनकरांकडे होती, तिच्याविरुद्ध मुंबईच्या कलावंतांनी मोठा गदारोळ केला. पण वशिल्याने गाणाऱ्यांस तिने थोडाफार आळा घातला असणार. आणि चित्रपटगीतास पर्याय म्हणून सुगम संगीत निर्माण करण्याचा जो उद्योग त्यांनी आरंभिला, त्याच काळात पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ‘गीतरामायण’ झाले. छप्पन्न गीते, दर आठवड्यास नवे. ते आमच्यापर्यंत आले ते पुढे, ध्वनिमुद्रिकांतून आणि फडक्यांच्या प्रत्यक्ष गायनातून. ज्या वर्षी ते इंदुरास ऐकले त्या वर्षी वडिलांच्या डोळ्यांस आम्ही प्रथमच पाणी पाहिले. मात्र माडगूळकर चित्रपटांचे कवी आणि सुधीर फडके चित्रपटांचे संगीतकार, हे कोणी त्या वेळी मोठ्याने बोलले नाही.

अखेर आकाशवाणीनेच आपले मौन सोडले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती सुरू झाली. तिची धुरा पंडित नरेंद्र शर्मांकडे होती. उद्घाटनाचे गीत त्यांनीच लिहिले, चाल अनिल विश्वासांनी बांधली आणि गायिले मन्ना डे. तिघेही चित्रसृष्टीत नाव कमावलेले. जाहिराती यावयास मात्र आणखी दहा वर्षे लागली. १९६७ साली मुंबई, पुणे व नागपूर येथून त्या सुरू झाल्या. गीतमाला कोलंबोस राहिली ती १९८९ पर्यंत. मग तीही विविधभारतीवर आली. सायानी २०२४ च्या फेब्रुवारीत गेले.

विविधभारती सुरू झाल्यावर आमच्या घरात एक अडचण उत्पन्न झाली. चित्रपटगीत आता सरकारीच रेडिओवर लागू लागले होते, आणि सरकारी रेडिओ बंद करणे वडिलांस प्रशस्त वाटेना. पहिले काही दिवस ते गीत लागले की वर्तमानपत्र उघडीत. एका दुपारी ‘अनारकली’तले ते गीत लागले. आम्ही नेहमीप्रमाणे खुंटी फिरवावयास उठलो. वर्तमानपत्र खाली न घेताच वडील म्हणाले, “राहू दे. आवाज जरा वाढव.”