त्वचाशल्यातील उपचार आणि सौंदर्य : महाराष्ट्रातील अनुभवाचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

पनवेल शहराला लागून असलेल्या करंजाडे परिसरात सिडकोने वसाहत उभारली आणि नवी मुंबई विमानतळामुळे विस्थापित झालेल्या काही कुटुंबांनाही तेथे भूखंड मिळाले. पनवेल भागातील अशा कोणत्याही नव्या वसाहतीत फिरताना त्वचारोगतज्ज्ञांचे फलक लक्ष वेधून घेतात. चामखीळ काढणे, मुरुमांचे व्रण घालविणे, पांढऱ्या डागांवरील शस्त्रक्रिया, लेसर, केशरोपण अशी नावे त्यांवर एकाखाली एक असतात. यांतील कोणता उपचार रोगावरचा आणि कोणता रूपासाठीचा, याचा उलगडा फलकावरून होत नाही.

याच पनवेल तालुक्यात नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. १९५१ साली सुरू झालेल्या या कार्याचा त्वचेशी असलेला संबंध फलकांवरील यादीहून फार वेगळा आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. एकीकडे हौस आणि दुसरीकडे यातना, अशी सरळ विभागणी आपण मनाशी करतो. ही विभागणी इतिहासाच्या कसोटीवर टिकते काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील काही घटना आणि संस्था यांचा आधार घेतला आहे.

प्राचीन वैद्यकातील दृष्टी

त्वचेवरील शस्त्रकर्माचा विचार सुश्रुतसंहितेपासून करणे क्रमप्राप्त ठरते. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कान टोचणे, फाटलेली पाळी सांधणे आणि छिन्न झालेले नाक पुन्हा घडविणे यांचे वर्णन आहे. नाकाच्या मापाचे पान घेऊन त्याबरहुकूम गालाची त्वचा सोडवावी, ती नाकाच्या जागी सांधावी, श्वासासाठी दोन नळ्या बसवाव्यात आणि वर पतंग, यष्टीमधु व अंजन यांचे चूर्ण टाकावे, असा तो विधी आहे. गालापासून त्वचा पूर्णपणे तोडू नये, ही त्यातील महत्त्वाची सूचना होय. त्वचा मूळ जागेशी जोडलेली राहिली तर तिचा रक्तपुरवठा टिकतो, हे अनुभवसिद्ध ज्ञान त्यामागे होते.

नासासंधानाची ख्याती सर्वश्रुत आहे. तुलनेने दुर्लक्षित राहिलेला भाग चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात, म्हणजे द्विव्रणीय चिकित्सेत, सापडतो. तेथे व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. रक्तस्राव थांबविणे आणि व्रण शुद्ध करणे यांच्याच पंक्तीत कृष्णकर्म, पांडुकर्म, रोमसंजनन आणि लोमापहरण हे उपक्रम येतात. पांढऱ्या पडलेल्या वणाला काळसर करणे, काळ्या वणाला त्वचेच्या रंगावर आणणे, केस गेलेल्या जागी केस उगविणे आणि नको तेथील केस काढणे, असा त्यांचा अर्थ आहे. आजच्या भाषेत ज्यांना सौंदर्योपचार म्हटले जाईल, असे हे उपचार आहेत. परंतु ग्रंथकाराने त्यांच्यासाठी वेगळे प्रकरण केले नाही. त्याच्या दृष्टीने व्रण भरून आला म्हणजे चिकित्सा संपली असे नव्हते. त्वचा पूर्ववत दिसू लागणे हाही चिकित्सेचाच भाग होता.

पुण्यातील नासासंधान

या परंपरेचा एक धागा अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात दिसतो. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. इंग्रजी वृत्तांतात त्याचे नाव ‘कावसजी’ असे येते. मात्र तो कुणबिकीच्या जातीतील मराठा असल्याचे तेथेच नमूद असल्याने हे नाव परक्या कानांनी टिपलेले असावे. सुमारे वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. त्यानंतर १७९३ च्या सुमारास पुण्याजवळील, विटा घडविणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यविशारदांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९४ च्या आरंभी त्या माणसाचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये सचित्र वृत्तांत प्रसिद्ध झाला.

त्या वृत्तांतातील तपशील नेमका आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून आकार घेतला गेला, तो सपाट करून कपाळावर ठेवला गेला आणि त्याच्या कडेने रेषा आखून त्वचा सोडविण्यात आली. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवून ती त्वचा खाली वळविण्यात आली. सांध्यावर पाण्यात कालविलेल्या काताचे लेप दिलेल्या कापडाच्या पाच-सहा घड्या ठेवल्या. चार दिवसांनंतर तुपात भिजविलेली कापडे लावली आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी छेदून नाकाला आकार दिला. सुश्रुताने सांगितलेली त्वचा गालाची होती, येथे ती कपाळाची आहे. तंत्र बदलले, परंतु त्वचा सजीव ठेवण्याचे सूत्र तेच राहिले. या वृत्तांताच्या प्रेरणेने जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडन येथे अशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. युरोपातील आधुनिक नासासंधानाचा आरंभ बहुधा येथूनच मानला जातो.

या घटनेतून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, पाहणाऱ्यांची, चित्रकाराची आणि अनुकरण करणाऱ्याची नावे इतिहासात राहिली. ज्याच्या हाताने नाक घडले त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. दुसरी गोष्ट आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. नाक कापणे ही शरीराची इजा होतीच, पण मुख्यतः ती बेअब्रू होती. मराठीत ‘नाक कापले जाणे’ याचा अर्थ आजही प्रतिष्ठा जाणे असाच होतो. श्वास तर छिन्न नाकातूनही घेता येत होता. नवे नाक घडले ते चारचौघांत वावरता यावे म्हणून. मग या शस्त्रक्रियेला वैद्यकीय म्हणावे की सौंदर्यविषयक?

कुष्ठरोग आणि चेहऱ्याची पुनर्रचना

हाच प्रश्न कुष्ठरोगाच्या इतिहासात अधिक तीव्रतेने समोर येतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वनस्पतिजन्य औषधाने कुष्ठरोगावर उपचार करण्याचा प्रयत्न केला. १८७३ मध्ये हॅन्सन याने या रोगाचा जंतू दाखविला, तरी समाजाचे आणि शासनाचे उत्तर दीर्घकाळ विलगीकरणाचेच राहिले. मुंबईचे महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले; तेच पुढे वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय झाले. १८९८ च्या कायद्याने भटक्या कुष्ठरुग्णांना ताब्यात घेऊन ठेवण्याची तरतूद केली. विसाव्या शतकाच्या मध्याला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे अमरावतीचे तपोवन, बाबा आमटे यांचे आनंदवन आणि पनवेलजवळचे शांतिवन या संस्थांनी कोंडून ठेवण्याऐवजी श्रम आणि सन्मान यांचा मार्ग स्वीकारला.

सल्फोन गटातील औषधांमुळे रोग आटोक्यात येऊ लागला, तेव्हा एक नवीच अडचण उभी राहिली. रोग बरा झालेला माणूसही चेहऱ्यावरून ओळखू येत होता. भुवया झडलेल्या, नाक बसलेले, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या, त्वचेला अकाली सुरकुत्या आणि पापण्या न मिटणाऱ्या. या खुणा औषधाने जात नव्हत्या. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या हातांवर स्नायुबंध-स्थानांतराच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. महाराष्ट्रात चेहऱ्याच्या पुनर्रचनेचे मोठे कार्य डॉ. नोशिर अंतिया यांनी केले. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून परतल्यावर त्यांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे काम उभे केले.

या शस्त्रक्रियांमागील विचार समजून घेण्यासारखा आहे. पुण्याच्या बैलवाल्याचे नाक बाहेरून नाहीसे झाले होते. म्हणून कपाळावरून त्वचा आणावी लागली. कुष्ठरोगात बाहेरची त्वचा बहुधा शाबूत असते. रोग आतील अस्तर आणि कूर्चा नष्ट करतो, त्यामुळे नाक आत ओढले जाऊन बसते. येथे बाहेरून त्वचा आणण्याचे प्रयोजन नसते. आतील आवळलेले अस्तर सोडवून तेथे त्वचेचे कलम बसवावे लागते. गिलीज यांनी विकसित केलेली ही पद्धत अंतिया यांनी भारतात वापरली. भुवयांसाठी डोक्यावरील केसाळ त्वचा आणली गेली, पाळ्या छाटल्या गेल्या, सैल झालेली चेहऱ्याची त्वचा ताणून बसविण्यात आली.

केशरोपण, पाळीची दुरुस्ती आणि चेहऱ्याची त्वचा ताणणे या तिन्ही शस्त्रक्रिया आज शहरी दवाखान्यांत निव्वळ सौंदर्योपचार म्हणून गणल्या जातात. कोंढव्यात त्याच शस्त्रक्रिया घरी परतण्याचा, काम मिळण्याचा आणि लग्नाच्या पंगतीत बसण्याचा परवाना ठरत होत्या. तंत्र तेच असून त्याचा अर्थ रुग्णाच्या सामाजिक स्थितीने ठरतो, हा या इतिहासाचा मुख्य निष्कर्ष म्हणावा लागेल. शस्त्रक्रियेची मर्यादाही अंतिया यांनी ओळखली होती. १९७५ मध्ये त्यांनी सामुदायिक आरोग्य संशोधनासाठी संस्था स्थापन केली आणि रायगड जिल्ह्यातील मांडवा येथे गावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. विकृती आल्यावर ती दुरुस्त करण्यापेक्षा रोग वेळीच ओळखणे स्वस्त आणि अधिक मानवी असते, हे तत्त्व त्यामागे होते.

कोड आणि त्वचाशल्याची स्वतंत्र शाखा

त्वचाशल्य ही त्वचारोगशास्त्राची स्वतंत्र उपशाखा म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आली. तिच्या भारतीय वाटचालीत कोडाचे स्थान विशेष आहे. कोड हा संसर्गजन्य रोग नाही, त्याने वेदना होत नाहीत आणि आयुष्यही घटत नाही. परंतु ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नावामुळे त्याच्यावर कुष्ठरोगाची सावली पडली आणि सावळ्या त्वचेवर पांढरा डाग अधिक उठून दिसत असल्याने विवाहादी प्रसंगी त्याचे ओझे मुख्यतः मुलींना वाहावे लागले. १९६४ मध्ये दिल्लीचे डॉ. बहल यांनी कोडाच्या डागांवर त्वचेची अतिशय पातळ कलमे लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे लहान गोल कलमे, शोषणाने फोड आणून त्यावरील पापुद्रा लावणे आणि रंगपेशींचे द्रावण पसरविणे अशा पद्धती रूढ झाल्या. डाग पुरेसा काळ, साधारणपणे एक वर्ष, स्थिर राहिलेला असावा ही या सर्वांची पूर्वअट असते. अन्यथा कलमाचाही रंग जाण्याची भीती असते. सुश्रुताने ज्याला कृष्णकर्म म्हटले, त्याचेच हे आधुनिक रूप होय.

मुंबईचे डॉ. सतीश सावंत यांनी संपादित केलेला, त्वचाशल्य व सौंदर्योपचार यांना एकत्र घेणारा ग्रंथ या शाखेच्या भारतातील अध्यापनात उपयुक्त ठरला. २००८ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा शस्त्रक्रियांसाठी मार्गदर्शक निकष प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तथापि बाजारपेठ निकषांपेक्षा वेगाने वाढली. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आयोगाला स्पष्ट करावे लागले की, केशरोपणासारख्या शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षित डॉक्टरांनीच कराव्यात आणि कार्यशाळेत किंवा चित्रफितीत पाहणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

कायद्यातील सीमारेषा

उपचार आणि सौंदर्य यांतील रेषा कोठे आखावी, हा प्रश्न आज तात्त्विक राहिलेला नाही. २००९ मध्ये सौंदर्यशल्यावर सेवाकर लागू झाला तेव्हा जन्मजात दोष, वाढीतील विकृती, झीज आणणारे रोग आणि इजा यांमुळे बिघडलेले शरीर पूर्ववत करणाऱ्या शस्त्रक्रिया त्यातून वगळल्या होत्या. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत आरोग्यसेवेला सूट आहे. मात्र केशरोपण आणि सौंदर्यशल्य यांना ती नाही. येथेही पुनर्रचनेचा अपवाद आहे, पण त्याच्या शब्दांत जन्मजात दोष, वाढीतील विकृती आणि इजा एवढ्यांचाच उल्लेख येतो. रोगाने झडलेल्या भुवया किंवा रोगाने गेलेला रंग या शब्दांत नेमका कोठे बसतो? व्याख्या करणाऱ्याच्या मनात कोंढव्याचा किंवा शांतिवनाचा रुग्ण नव्हता, असे म्हणण्यास वाव आहे.

दुसऱ्या बाजूने कायद्याने काही जुनी ओझी उतरविली. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण व्यक्तिगत कायद्यांतून वगळले गेले. त्यापूर्वी रोग पूर्ण बरा होऊनही चेहऱ्यावरील खुणांच्या आधारे संसार मोडण्याची भीती होती, हे लक्षात घेतले म्हणजे भुवयांच्या कलमाला केवळ सौंदर्याचा उपचार म्हणणे किती अपुरे आहे, हे ध्यानात येते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, त्वचाशल्याचा इतिहास हा वैद्यकीय आणि सौंदर्यविषयक अशा दोन समांतर वाटांचा इतिहास नाही. सुश्रुताच्या साठ उपक्रमांत, पुण्याच्या अनाम कारागिराच्या मेणाच्या पत्र्यात आणि अंतियांच्या शस्त्रक्रियागृहात वाट एकच आहे. त्वचा हा शरीराचा असा अवयव आहे की, ज्याचे एक कार्य इतरांच्या डोळ्यांतून पार पडते. म्हणून उपचाराची गरज ठरविताना रुग्णाला काय सोसावे लागते, हा निकष रूपाच्या निकषापेक्षा अधिक न्याय्य ठरेल.

याचा अर्थ गोरेपणाच्या प्रत्येक जाहिरातीला वैद्यकाची प्रतिष्ठा द्यावी असा नाही. उलट, ज्या समाजाने डागाला कलंक मानले त्याच समाजाची भीती अशा जाहिराती विकून खातात. त्या भीतीवर उपाय शस्त्रात नाही. तो शिक्षणात आहे आणि म्हणून त्याची जबाबदारी महाविद्यालयांवरही येते. करंजाडेसारख्या नव्या वसाहतीतून आमच्या वर्गांत येणाऱ्या विद्यार्थ्याला दवाखान्याचा फलक रोज दिसतो. त्याच तालुक्यातील शांतिवनाचा इतिहासही त्याला माहीत असेल, तर तो फलक तो अधिक डोळसपणे वाचू शकेल.