कमांडर बदलण्याआधी

8 डिसेंबर 2023 ची संध्याकाळ. बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर बेंगळुरू एफसी विरुद्ध मुंबई सिटी असा सामना होता. युनिटमधल्या दोन तरुण अधिकाऱ्यांना घेऊन मी गेलो होतो. मी मनाने मराठी आणि पोस्टिंगने बेंगळुरूकर, त्यामुळे कुणाच्या गोलवर टाळी वाजवायची हा प्रश्नच होता. मुंबईने चार गोल मारले, बेंगळुरूने एकही नाही. चौथ्या गोलनंतर माझा हात टाळीसाठी उठला नाही. परतताना आमचा कॅप्टन म्हणाला, "सर, आता कोच जाणार. आणि गेलाच पाहिजे."

दुसऱ्याच दिवशी क्लबने सायमन ग्रेसन यांना निरोप दिला. मी मात्र त्या रात्री गप्प होतो. तसाच एक कागद माझ्याही टेबलावर पडला होता. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी हा क्लब काय आहे ते सांगतो. 2013 मध्ये स्थापना आणि पहिल्याच हंगामात आय-लीगचं विजेतेपद. 2016 मध्ये एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोहोचलेला हा पहिला भारतीय क्लब. तिथे त्यांना हरवलं ते इराकच्या हवाई दलाच्या संघाने! 2019 मध्ये मुंबईत आयएसएल जिंकली, गोव्याविरुद्ध जादा वेळेत, मुंबईकर राहुल भेकेच्या हेडरवर. कप्तान सुनील छेत्री आपल्याच घरातला: फौजीचा मुलगा, जन्म सिकंदराबादचा. थोडक्यात, हरायची सवय नसलेली पलटण.

ग्रेसन 2022 मध्ये आले. त्या सप्टेंबरात त्यांनी ड्युरँड कप जिंकला. 1888 मध्ये शिमल्यात सुरू झालेला हा करंडक म्हणजे आपल्या फौजेचाच. मग आयएसएल आणि सुपर कप, दोन्हींची अंतिम फेरी. एका हंगामात तीन अंतिम सामने खेळवणारा माणूस पुढच्या डिसेंबरात नालायक कसा ठरला?

नऊ सामन्यांत एकच विजय, हे खरं. पण त्याला दिलं काय होतं ते मोजू. उन्हाळ्यात संदेश झिंगन आणि उदांता सिंग गोव्याला गेले, रॉय कृष्णा ओडिशाला. हंगामाचा पहिला सामना कोचीत होता, तेव्हा छेत्री भारतासाठी आशियाई स्पर्धेत चीनमध्ये. जुने सुभेदार एकदम पोस्टिंगवर गेले आणि सुभेदार मेजर टेम्पररी ड्यूटीवर, अशी अवस्था.

डिसेंबरात जेरार्ड सारागोसा आले. चमत्कार झाला का? नाही. 11 एप्रिल 2024 ला त्याच कंठीरवावर मोहन बागानने पुन्हा 4-0 असंच हरवलं. बारा संघांत दहावा क्रमांक, 22 सामन्यांत 22 गुण. हेही पहिल्यांदा नव्हतं. जानेवारी 2021 मध्ये क्लबने 2019 चे विजेते कोच कार्लेस कुआद्रात यांना हंगामाच्या मध्यात सोडलं होतं, तेव्हाही संघ सातवाच राहिला.

माजी सैनिकांना इथे 1942 चा ऑगस्ट आठवेल. जुलैमध्ये ऑकिनलेकने अल अलामीनला रोमेलला थोपवलं. पुढच्या हल्ल्यासाठी त्याने सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वेळ मागितला. चर्चिलना घाई होती, त्यांनी त्याला बदललं. मॉन्टगोमेरी आला, आणि त्याने हल्ला केला कधी? 23 ऑक्टोबरला! तोवर अमेरिकेचे सुमारे 300 शर्मन रणगाडे पोहोचले होते. जुन्याला नाकारलेला वेळ नव्याला मिळाला, वर रणगाडेही. मॉन्टगोमेरी मोठा सेनापती होताच. पण आधीच्याचा हिशेब कुणी मांडला नाही.

त्याच वर्षी बर्मात उलट घडलं. स्लिमने आपलं कोअर हरत हरत सुमारे 1,500 किलोमीटर मागे आणलं. त्याला काढायला कारणं भरपूर होती, तरी तो टिकला. पुढच्या वर्षी 14 व्या आर्मीची कमान त्याच्याकडे आली. 1944 मध्ये इंफाळ-कोहिमा, 1945 मध्ये रंगून. आणि त्याच्यामागे भारतातून प्रशिक्षण आणि रसद उभी करणारा सरसेनापती कोण? तोच ऑकिनलेक.

म्हणून मला वाटतं, बेंगळुरू एफसीचा खरा निर्णय डिसेंबरातला नव्हे, एप्रिलनंतरचा. दहाव्या क्रमांकानंतरही त्यांनी सारागोसांना ठेवलं. तयारीला पूर्ण उन्हाळा दिला. राहुल भेके मुंबईहून परत आला. पुढच्या हंगामात संघ तिसरा आला. चाळिशीतल्या छेत्रीने 14 गोल केले. एप्रिल 2025 मध्ये कोलकात्यातला अंतिम सामना जादा वेळेत 1-2 असा हरले, पण पलटण पुन्हा उभी राहिली होती.

आता माझा कागद. माझ्या एका कंपनीचा फायरिंगमध्ये शेवटचा नंबर आला होता. कंपनी कमांडर बदलावा, असा प्रस्ताव होता. सामन्यानंतरच्या सोमवारी मी सही केली. नवा मेजर आला आणि चार महिन्यांत कंपनी पहिली आली. सगळ्यांनी माझ्या निर्णयाचं कौतुक केलं, मीही करून घेतलं.

नंतर जुना ट्रेनिंग रजिस्टर चाळताना दिसलं, की त्या स्पर्धेच्या वेळी त्या कंपनीचे चार सेक्शन कमांडर कोर्सवर होते. पाठवण्याच्या आदेशावर सही माझी. ते परतले नव्या मेजरच्या पहिल्या आठवड्यात.

मी जुन्या मेजरला फोन केला. सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं."

खडकवासल्यापासून आजवर कमांडबद्दल पुष्कळ ऐकलं, वाचलं. हे एक वाक्य मात्र मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं आहे.