घरी बांधलेल्या विमानाची पेट्रोल-नळी

पाणी, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स या आपल्या तीन लढायांचा इतिहास इतरांनी लिहिलाच आहे. मी माझ्या आवडीचा लिहितो: घरी विमान बांधणाऱ्यांचा, त्यातही त्यांच्या पेट्रोलच्या नळीचा.

एसीवाला तांब्याच्या नळीवर ज्योत धरतो, त्याला आपण वेल्डिंग म्हणतो. खरे तर ते ब्रेझिंग, म्हणजे झाळकाम; सोनाराच्या कामाच्या जातीचे. नळी घासून लख्ख करायची, सवागीसारखा फ्लक्स लावायचा आणि ज्योत सळईवर नाही, नळीवर धरायची. नळी पुरेशी तापली की पितळेचा किंवा चांदीमिश्रित धातूचा रस आपणहून फटीत ओढला जातो. साधा शिसे-कथलाचा डाख २०० अंशांच्या आसपास वितळतो. झाळ ४५० च्या पुढे. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल वाहत असते, तिथे हा फरक फार मोठा. शिवाय तांबे सतत थरथरले की कडक होऊन तडकते, म्हणून नळीला वेटोळे ठेवतात, चिमटे लावून बांधतात. थंड झाल्यावर फ्लक्स धुऊन काढायचा, नाहीतर तो धातू खातो आणि बारीक गळतीही झाकतो. मग नळीत हवा भरून ती पाण्यात बुडवायची, पंक्चरवाल्यासारखी. बुडबुडे बघायला मात्र दुसरा माणूस हवा. बँकेत कॅश मोजणारा आणि तपासणारा एकच नसे, ते काही उगीच नव्हे.

राइट बंधू मुळात सायकलवाले. सायकलच्या नळ्याही तेव्हा झाळून जोडत, त्यामुळे धातूकाम त्यांच्या रोजच्या सवयीचे. त्यांचे इंजिन दुकानातल्या चार्ली टेलरने सुमारे सहा आठवड्यांत बनवले. पेट्रोलला पंपच नव्हता! छोटी टाकी वर अडकवलेली, आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखी. पेट्रोल आपल्या वजनाने खाली यायचे. १७ डिसेंबर १९०३ ला पहिले उड्डाण झाले, अवघे १२ सेकंदांचे.

पुढे विमानात एकाहून जास्त टाक्या आल्या, आणि नळी कुठून न्यायची, बदलाचा कॉक कुठे बसवायचा हे प्रश्न आले. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला गेला तो अशाच घरी बांधलेल्या लाँग-ईझी विमानात. बर्ट रुटानच्या आराखड्यात कॉक वैमानिकाच्या समोर होता. बांधणाऱ्याला पेट्रोलच्या नळ्या वैमानिकाजवळ नको होत्या, म्हणून त्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. हेतू सुरक्षेचाच. पण टाकी बदलायला मागे वळावे लागे, आणि चौकशीच्या निष्कर्षाप्रमाणे त्या वळण्यातच ताबा सुटला. विमान समुद्रात कोसळले.

आपल्या जवळचे उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, आणि २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. आपल्या गच्चीसाठी अशी परवानगी सर्वसाधारण सभेत मिळाली असती का, यावर मी काही लिहीत नाही. या स्मरणिकेचे संपादक सेक्रेटरीसाहेब आहेत.